इशापूर २ए१ रायफल, दुकानदार ६७५ डॉलर म्हणतोय. योग्य भाव किती?

प्लेनोकर

नमस्कार मंडळी. डॅलसच्या बाजूला एका छोट्या दुकानात कोपऱ्यात एक जुनी इशापूर रायफल दिसली. बोल्ट ॲक्शन (हातानं दांडा मागेपुढे ओढून गोळी भरायची), मॉडेल २ए१. दस्त्याच्या मानेपाशी जो लोखंडी भाग असतो, त्यावर उजव्या बाजूला अशोकस्तंभ, खाली आरएफआय (रायफल फॅक्टरी इशापूर), ७.६२ एमएम आणि १९६७ असं कोरलंय. तो सिंहांचा शिक्का बघितला आणि मी तिथेच अडकलो. आजोबा दौंडला एसआरपीत होते, थ्री नॉट थ्री घेऊन उभे असलेला त्यांचा फोटो अजून घरात आहे.

चिठ्ठीवर लिहिलंय: "इंडियन आर्मी, १९६५ च्या युद्धात वापरलेली, अनइश्यूड कंडिशन, ऑल मॅचिंग. ६७५ डॉलर." वर टॅक्स ८.२५ टक्के, म्हणजे ७३० च्या वर जाते. माझ्याकडे एक शिकारीची रायफल आहे, बाकी जुन्या लष्करी मालातलं मला काही कळत नाही. ६७५ जास्त होतात का? किती म्हणावं? आणि बघताना नेमकं काय बघायचं?

डेटनवासी

एक आधी विचारून घेतो, कारण इथे दर वेळी कोणीतरी फसतं: सिटिझन किंवा ग्रीन कार्ड आहे ना? एच-१बी वर असशील तर शिकारीच्या वैध लायसन्ससारखा अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक विकत घेणंच काय, हातात धरणंही फेडरल गुन्हा आहे. दुकानात बंदूक घेताना ४४७३ नावाचा सरकारी फॉर्म भरताना तो प्रश्न येतोच.

भावाचं म्हणशील तर मी गनब्रोकर या लिलावाच्या साइटवर लक्ष ठेवून असतो. लोक मागतात ७००-८००, पण ते नुसतं मागणं. लॉगिन करून 'कम्प्लीटेड' लिलाव बघ, ज्यावर खरंच बोली लागून माल गेलाय ते. अलीकडे मी पाहिलेल्या बऱ्या २ए१ साधारण ४५० ते ६०० मध्ये गेल्या. सहाशेला गेलेली फार सुरेख होती, मूळ लाकूड, सोबत संगीन आणि पट्टा.

प्लेनोकर

हो, सिटिझन आहे. धन्यवाद.

कोतवाला_काका

मी लष्कराच्या ईएमई मध्ये आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो, आता वर्षातले सहा महिने लेकीकडे ओहायोला असतो. इथल्या बाजाराचं डेटनवासींना जास्त कळतं. मला लोखंड कळतं, तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट त्या चिठ्ठीची. रायफलीवर साल १९६७, आणि ती पासष्टच्या लढाईत लढली? आणि लढून आली तरी 'अनइश्यूड', म्हणजे कधी कोणाला दिलीच नाही? एकाच चिठ्ठीवर दोन थापा. दुकानदार लबाडच असेल असं नाही, ज्याच्याकडून घेतली त्यानं सांगितलं ते यानं लिहिलं असेल. पण कथेचे पैसे द्यायचे नाहीत. कथेला शिक्का नसतो.

दुसरं, आजोबांचं. वाईट वाटून घेऊ नकोस, पण त्यांच्या फोटोतली रायफल ही नव्हे. त्यांची .३०३, म्हणजे नंबर १ मार्क ३ स्टार. ही दिसायला तिची सख्खी बहीण, पण काडतूस वेगळं. बासष्टच्या चीन युद्धात आपलं पायदळ .३०३ वर होतं. नंतर सगळं ७.६२ वर न्यायचं ठरलं, सेल्फ लोडिंग रायफली हव्या तितक्या वेगानं तयार होईनात, म्हणून इशापूरनं जुन्याच घडणीची, पण अधिक चांगल्या पोलादाची ७.६२ ची बोल्ट रायफल काढली. आधी २ए, मग मागच्या साइटचे आकडे ८०० मीटरपर्यंत उतरवून २ए१. इथले लोक बिनधास्त सांगतात की ही जुनी .३०३ बदलून केलेली आहे. खोटं आहे ते. नवीच बनवलेली आहे, ७.६२ चा दाब धरून.

म्हणून आधी ठरव, तुला फोटोतली हवी की ही हवी. फोटोतली हवी असेल तर तिथे सोंगं जास्त. एक म्हणजे डीपी, ड्रिल पर्पज. एनसीसीत पोरं खांद्यावर घेऊन फिरतात ती. चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेला, भोक पाडलेलं असतं, कधी वेल्डिंग करून बुजवून रंग मारलेला असतो. ती कायमची मेलेली, तिच्यात गोळी घालायचीच नाही. दुसरी तांब्याच्या तारेनं पुढचं लाकूड गुंडाळलेली, ग्रेनेड फेकायची. बघायला लोकांना फार आवडते, पण तिनं आयुष्यभर बाकीच्यांपेक्षा जास्त मार खाल्लेला असतो. तिसरी .४१० मस्केट. पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी इशापूरनंच .३०३ च्या नळ्या गुळगुळीत करून काढली होती, म्हणजे हत्यार चोरीला गेलं तरी लष्करी काडतूस त्यात चालू नये. नळीत गोळी फिरवणारा पीळ नसेल तर ती हीच.

आता ही २ए१ कशी बघायची ते. दुकानदाराला विचारून बोल्ट उघड, मागे ओढ, पुढचं बोल्टहेड वर उचलून बोल्ट बाहेर काढ. बोल्टच्या दांड्याच्या मागे नंबर असतो. तो रिसीव्हरवरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. इथे 'मॅचिंग' ला लोक नुसता शोभेचा मुद्दा समजतात. तसं नाही. या बोल्टचे लग, म्हणजे गोळी उडताना बोल्ट धरून ठेवणारे उंचवटे, मागच्या बाजूला असतात आणि दोन्ही लग सारखे टेकावेत म्हणून हातानं घासून बसवलेले असतात. दुसऱ्याचा बोल्ट घातला की कधी एकच लग भार घेतो. डोळ्याला दिसत नाही, पण रायफलीला कळतं.

मग नळी. ॲक्शनमध्ये पांढरा कागद तिरका धर, खिडकीकडे कर आणि तोंडाकडून आत बघ. त्याआधी कोरडी चिंदी एकदा फिरवायला सांग. तेल भरलेली नळी चकचकीतच दिसते, चिंदी फिरल्यावर खरं काय ते बाहेर येतं. नुसता काळसरपणा असेल तर चालेल. पिळाच्या कडा धारदार आहेत ना, ते बघ. खड्डे, विशेषतः चेंबरच्या लगेच पुढे, असतील तर तो गंज आहे. जुन्या दारूगोळ्याची प्रायमरं (काडतुसाच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) मीठ सोडायची, आणि गोळीबार झाल्यावर कोणी गरम पाणी ओतलं नाही की नळी खलास. आमच्याकडे कोतमध्ये, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत, हत्यार जमा करताना हीच चिंदी तपासली जायची. काळी निघाली तर माणूस परत धुवायला.

तोंडाची कडा पण बघ. साफ करायच्या दोरीनं एका बाजूनं घासलेली असेल तर भोक किंचित लांबट दिसतं.

आता लाकूड. पुढचं लाकूड जिथे मागे दस्त्याच्या मानेपाशी असलेल्या त्या लोखंडी सॉकेटला येऊन भिडतं, तिथे खरं तर भिडायला नको. कागद आरपार जाईल एवढी फट हवी. फट नसेल तर समज की आत रिसीव्हरला टेकणारी जागा झिजली आहे आणि प्रत्येक गोळीबरोबर सगळं लाकूड मागे सरकून सॉकेटवर आदळतंय. तिथेच लाकडाच्या मागच्या टोकाला, शेपटीला, चीर पडते. चीर पडायचं आणखी एक कारण असतं आणि ते शंभरात साठ वेळा हेच: कोणीतरी हौशी माणूस मागून लांब स्क्रू ड्रायव्हर घालून दस्ता फिरवायला गेलेला असतो. दस्ता आतून धरून ठेवणाऱ्या बोल्टचं (हा वेगळा बोल्ट) चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी उतरवल्याशिवाय तो बोल्ट फिरवला की लाकूड फाटतं.

पुढच्या लाकडात आडवा आरपार एक स्क्रू दिसेल. ती दुरुस्ती नव्हे, कारखान्याचीच मजबुती आहे. त्यासाठी भाव पाडायला जाऊ नकोस, हसतील.

हे सगळं न बघता भाव सांगायचा म्हणजे पाण्यात म्हैस, वर मोल. बघून ये, मग बोलू.

मुठाकाठ

काका, माहिती मस्त! मी पुण्यातून वाचतोय. एक भाबडा प्रश्न: प्लेनोकर भारतात परत आला तर ही सोबत आणता येईल का? किंवा इथे अशी मिळू शकते?

कोतवाला_काका

नाही आणि नाही. आपल्याकडे ७.६२ आणि .३०३ दोन्ही प्रतिबंधित बोअर. म्हणून तर सामान्य लायसन्सवाल्यासाठी .३१५ काढली. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं. ज्यानं ती घ्यायची, त्यानं ती तिकडेच ठेवायची आणि यायच्या आधी तिकडेच विकायची.

प्लेनोकर

काका, शनिवारी जाऊन आलो. तुमचं सगळं फोनवर उघडून ठेवलं होतं. दुकानदार पंचाहत्तरीचा म्हातारा, व्हिएतनामचा माणूस, बोल्ट काढायला स्वतःच मदत केली. पासष्टचं विचारलं तर हसला आणि चिठ्ठी काढून टाकली!

जे दिसलं ते सांगतो.

नंबर जुळतात, बोल्ट आणि रिसीव्हर दोन्ही. मॅगझिन चौकोनी, बारा गोळ्यांचं, सैल नाही. मागची साइट ८०० पर्यंत. नळीत चिंदी फिरवली तर आधी तपकिरी निघाली, मग करडी. कडा स्वच्छ दिसल्या, चेंबरपुढे खड्डे दिसले नाहीत, मधल्या भागात थोडा काळसरपणा. तोंड गोल वाटलं.

नळीवर समोरच्या बाजूला आयात करणाऱ्याचं नाव आणि शहर बारीक अक्षरांत आहे. त्यानं भाव उतरतो का?

लाकूड मात्र... दस्ता आरशासारखा चकचकीत. कोणीतरी सँडपेपर मारून व्हार्निश केलंय असं वाटतं, कारण लोखंडाच्या कडेशी लाकूड खाली गेलंय. पुढच्या लाकडाच्या शेपटीला डाव्या बाजूला बारीक चीर, साधारण अर्धा इंच. कागद गेला, पण घासून.

संगीन नाही, पट्टा नाही. तो म्हणाला ६२५ पर्यंत येईन.

डेटनवासी

आयातीच्या शिक्क्याची काळजी करू नकोस. १९६८ च्या कायद्यानं जुना लष्करी माल आयात करणं बंद झालं होतं. ऐंशीच्या दशकात संग्राहकांच्या वर्गातल्या बंदुकांसाठी ते परत उघडलं आणि तेव्हापासून शिक्का सक्तीचा. इकडे आलेल्या बहुतेक २ए१ वर तो असतोच. शिक्का मोठा आणि बेढब असेल तर थोडा फरक पडतो, बारीक असेल तर काही नाही.

व्हार्निश मात्र महागात पडतं. संग्राहकासाठी सँडपेपर म्हणजे संपलं, कारण लाकडावरचे बारीक शिक्के एकदा गेले की गेले. मी अशा मालाला सरळ शंभर कमी करतो. चिरेचे आणखी पन्नास. पट्टा-संगीन नाही म्हणजे वरच्या टोकाच्या भावाशी तुलनाच करायची नाही. माझ्या हिशोबानं ४२५.

कोतवाला_काका

डेटनवासी, शंभर जास्त झाले. हा पोरगा संग्रहालय काढत नाहीये. चालवणाऱ्याला नळी आणि बोल्ट महत्त्वाचे, आणि ते दोन्ही चांगले आहेत. लाकूड मिळतं. वेळ लागेल, पण मिळतं.

चिरेचं मात्र मी गंभीरपणे घेतो. अर्धा इंच म्हणजे आत्ता स्वस्त. लाकूड उतरवून गोंद घातला, आतली झिजलेली जागा भरून घेतली की ती थांबते. ज्याला येतं त्याच्यासाठी एका दुपारचं काम. पण न येणाऱ्याला गनस्मिथकडे जावं लागेल, आणि तुमच्याकडच्या मजुरीचे दर मी ऐकलेत. कागद घासून गेला म्हणतोस, म्हणजे जागा झिजायला सुरुवात झालीय.

माझा हिशोब असा. स्वच्छ, मूळ लाकडाची, पण संगीन-पट्ट्याशिवाय नुसती रायफल साडेपाचशे धर. त्यातून लाकडाचे साठ, चिरेचे पन्नास-साठ वजा. ४३०-४४० होतात. त्यावर ओळखीचं दुकान, माणूस समोर, ऑनलाइन घेतलीस तर पाठवणावळ आणि डीलरची ट्रान्सफर फी वेगळी पडते, ती इथे वाचते. म्हणून ४८० पर्यंत गेलास तरी लुटला गेला असं मी म्हणणार नाही. त्याच्या वर माझ्या मते नाही. पहिलं तोंड ४२५ नं उघड आणि कारणं एकेक दाखव, त्याचा हात तिथे लावून: ही चीर, ही लोखंडाच्या खाली गेलेली कडा. नुसता आकडा फेकलास तर तो पण आकडाच फेकेल.

आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद केल्यावर काडतुसाला किती जागा उरते ते. गेज (मोजायचे नकली काडतूस) लावल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. 'गो' वर बोल्ट बंद व्हायला हवा; 'नो-गो' त्याहून लांब, 'फील्ड' सगळ्यात लांब. दुकानात गनस्मिथ असेल तर त्यालाच लावायला सांग.

हौशी_नेमबाज

मध्येच बोलतो. मी मागे टेक्ससमध्ये एका शोमध्ये 'इशापूर जंगल कार्बाइन, ७.६२' बघितली होती, आखूड, तोंडाला भोंगा लावलेली. ती यापेक्षा दुर्मिळ का? त्याचे जास्त मागत होते.

कोतवाला_काका

अजिबात नाही. खरी जंगल कार्बाइन म्हणजे नंबर ५, ती .३०३ मध्येच आणि इंग्लंडमध्ये बनलेली. ७.६२ ची इशापूर कार्बाइन म्हणजे अमेरिकेत आल्यावर कोणीतरी चांगली २ए१ कापून केलेला कारभार. उलट पूर्ण रायफलीपेक्षा कमी द्यायचे.

प्लेनोकर

अपडेट. गनस्मिथ मंगळवारी येतो, त्यानं गेज लावलं. 'गो' वर बंद झाला, ठीक. 'नो-गो' वर पण बंद झाला!! तो म्हणाला, "हेडस्पेस ढिली आहे, बघ बाबा." 'फील्ड' वर बंद झाला नाही. आता काय करू? सोडून देऊ?

कोतवाला_काका

थांब, घाबरू नकोस. विचार त्याला, गेज कुठलं आहे. .३०८ विंचेस्टरचं असणार, दुकानात तेच असतं. लष्करी ७.६२ चं चेंबर मुद्दाम थोडं लांब कापलेलं असतं, रणांगणात धूळ-माती गेली तरी बोल्ट बंद व्हावा म्हणून. त्यामुळे .३०८ च्या नो-गो वर धडधाकट २ए१ सुद्धा बंद होते. .३०८ च्याच फील्डवर बंद झाला नाही म्हणजे तुझी रायफल उत्तम आहे. मला तर हे ऐकून बरंच वाटलं.

आणि हो, हे कारण पुढे करून भाव पाडू नकोस. तू त्याला चूक माहिती देऊन पैसे कमी करवून घेतलेस तर तो म्हातारा उद्या दुसऱ्याला हेच सांगेल आणि एक चांगली रायफल भंगारात जाईल.

डेटनवासी

काका बरोबर. फक्त एक: जे चेंबर लांब, त्यात पितळी खोळ जास्त ताणली जाते. रीलोडिंग, म्हणजे रिकामी खोळ परत भरायचं, करणार असशील तर एक-दोन वेळा वापरून फेकून दे, लोभ करू नकोस.

प्लेनोकर

झालं. गेजचं खरं कारण म्हाताऱ्याला सांगितलं. त्यानं गनस्मिथकडे बघून "मी म्हटलं नव्हतं का" असा चेहरा केला. ४२५ म्हणालो, तो ५५० ला आला. मग चीर दाखवली, कागद घालून दाखवला. बराच वेळ काहीच बोलला नाही, मग आत गेला आणि एक जुना पट्टा आणि मॅगझिनमध्ये वरून भरायच्या चार्जर क्लिपा घेऊन आला. पट्टा, क्लिपा आणि रायफल मिळून ४९०. मी ४८० वर अडून बसलो. शेवटी ४८० ठरले, टॅक्स धरून ५१९.६० झाले. ४४७३ भरला, बॅकग्राउंड चेक दहा मिनिटांत आला.

काका, शेवटचा प्रश्न: गोळ्या कुठल्या घ्यायच्या? दुकानात .३०८ शिकारीच्या होत्या, तो म्हणाला चालतात.

कोतवाला_काका

चालतात आणि चालवाव्यात यात फरक आहे. जोरदार शिकारी .३०८ घालू नकोस. बॉक्सवर ७.६२ बाय ५१ लिहिलेल्या लष्करी बनावटीच्या सौम्य, १४७-१५० ग्रेन वजनाच्या गोळीच्या घे. लाकडाचं आधी कर, मग गोळ्या. चिरेसह गोळीबार करशील तर ते पन्नास डॉलरचं काम दोनशेचं होईल. गोंद घालताना फोटो टाक, सॉकेटच्या बाजूचा, जवळून.

हौशी_नेमबाज

पट्टा खाकी सुती आहे का? असेल आणि त्यावर शिक्का वाचता येत असेल तर तोही टाक. मला एक हवाय.